ब्रेक बघितलाय

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांतला धाकटा थापा मारण्यात पटाईत, म्हणून त्याला सगळे गमत्याच म्हणत. कामात मात्र थापा चालत नसत. वर मशीनरूममध्ये असलेल्याने ‘उतर’ म्हटलं की खालच्याने मुकाट्याने लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरायचं, पुन्हा विचारायचं नाही, असा दोघांचा नियम. वीस वर्षं तो पाळला होता.

त्या सकाळी गमत्याने कंटाळा केला. ब्रेक न उघडताच फोनवर ठोकून दिलं, “ब्रेक बघितलाय, उतर.” दादा उतरला. ब्रेक सुटला. रिकामी लिफ्ट वर सरकली आणि तिला तोलणारं लोखंडी वजन सरसरत खड्ड्यात येऊन आदळलं.

आणि गमत्या पुन्हा मशीनरूममध्ये! कानाला फोन, भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस, आणि ‘उतर’ नुकतंच तोंडातून गेलेलं.

तो ओरडला, “उतरू नकोस!” दादा म्हणाला, “पुरे तुझी गंमत.” पुढच्या खेपेला त्याने मेन स्विच पाडला. मग उघड्या हातांनी दोराचं फिरतं चाक धरलं, बोटं सोलून निघाली. काही उपयोग नाही. तो आवाज यायचाच, आणि पुन्हा अकरा चाळीस. नवव्यांदा त्याला रडू आलं नाही, तेव्हा तो खरा घाबरला.

दहाव्यांदा फोन फेकून तो तीन मजले धावत उतरला. दादा खड्ड्यात होता. गमत्याने वाकून त्याची कॉलर पकडली.

“दादा, बाहेर ये! ब्रेक बघितलाच नाही मी!”

“माहितीये,” दादा म्हणाला. “पहिल्यांदा इथे तू होतास. वर मी होतो, आणि न बघता ‘उतर’ म्हटलं होतं ते मी. किती वेळा मेलास रे माझ्यासमोर! शेवटी तुला वर धाडलं आणि मी इथे आलो. कुणीतरी एक लागतोच इथे. सोड आता.”

“नाही सोडणार!”

वर दोर करकरला. वजन खाली येताना दिसलं आणि गमत्याने हात मागे घेतला. निसटला नाही, त्यानेच घेतला.

मग तो डोळे घट्ट मिटून अकरा चाळीसची वाट बघत बसला. एकदाच, फक्त एकदाच पुन्हा वाजू दे, असं पुटपुटत राहिला. डोळे उघडून मनगटावर बघितलं, तर अकरा पंचेचाळीस झाले होते.