दोघींनी मिळून प्यायलेला ग्लुकोज

मला तिसरा महिना लागला होता. माझ्या आईला साखरेचा आजार, म्हणून आमच्या साखरा गावच्या आशाताईंनी मागं लागून मला हिंगोलीच्या दवाखान्यात साखर तपासायला पाठवलं. सोबत सासूबाई आल्या. सगळ्या रस्ताभर त्यांचं एकच, "आमाला पाच लेकरं झाली, कोणी बोट टोचलं न्हाई. आताच काहून?"

दवाखान्यात सिस्टरनं ग्लुकोजच्या पाण्यानं भरलेला ग्लास हातात दिला. म्हणाली, "पाच-दहा मिनिटांत सगळं प्यायचं. दोन तासांनी रक्त घेऊ."

मला तर सकाळपासून मळमळत होतं. चार घोट कसेबसे घेतले. सिस्टरची पाठ फिरल्याचं बघून मी ग्लास हळूच सासूबाईंकडे सरकवला. त्यांना गोडाची भारी आवड. त्यांनी पदराआड ग्लास रिकामा केला, ओठ पुसले आणि माझ्या कानात म्हणाल्या, "लिंबू पिळायला पाहिजे होतं."

थोड्या वेळानं सिस्टर आली. "सगळं पिलात ना?"

मी होकारार्थी मान डोलावली. तेवढ्यात सासूबाई मोठ्या कौतुकानं बोलल्या, "व्हय, दोघींनी मिळून संपवलं!"

बाकावरच्या साऱ्या बायका हसायला लागल्या. मला कुठं तोंड लपवावं कळेना. सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, लेकरू तुमच्या पोटात हाय का? आता हिची तपासणी उद्या परत. आणि आता पिलातच, तर तुमचं बी बोट द्या!"

सासूबाईंनी आढेवेढे घेतले, पण दोन तासांनी बोट दिलंच. साखर इतकी निघाली की सिस्टरचं हसू थांबलं. तिनं लगेच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांना तहान लागते, पाय बधिर पडतात, हे सगळं आम्ही उन्हावर ढकलत होतो. त्याच दिवशी त्यांना गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी नाक दाबून एकटीनं सगळा ग्लास प्यायले. साखर बराबर निघाली. पण सहाव्या महिन्यात परत तपासली तेव्हा वाढलेली होती. औषध नको, आधी खाणं सांभाळा आणि चाला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग घरात दोन पोलीस आणि दोन चोर, दोन्ही आम्हीच. रोज संध्याकाळी आम्ही शिवारापर्यंत चालायचो. मी पेढा तोंडात टाकला की त्यांना लांबून वास यायचा. त्यांनी गूळ हळदीच्या पोत्यात लपवला होता, पण दात पिवळेधमक घेऊन माझ्यापुढं आल्या.

"आत्याबाई, गूळ खाल्ला ना?"

"न्हाई बाई! हळदीचं दूध पिले."

"दूध कुठंय? म्हैस तर आटलीय!"

त्या खो खो हसल्या आणि उरलेला खडा त्यांनी मुकाट माझ्या हातावर ठेवला. खरं सांगते, त्यातला कोपरा मी मोडलाच.

पोरगी झाली. माझी साखर वाढलेली होती म्हणून तिचीही बघायला टाचेला सुई टोचली, तशी ती किंचाळली आणि सासूबाई सिस्टरशी भांडायला उठल्या. लेकराची साखर चांगली निघाली, हे ऐकल्यावर मात्र त्या मटकन खाली बसल्या आणि रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. दीड महिन्यानं माझी साखरही जाग्यावर आली.