सुभेदारांनी मांडलेलं टेबल

काळजी नावाची जेवढी म्हणून चीज या पृथ्वीतलावर आहे, तिचं मुख्य गोदाम साताऱ्यात आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतं, आणि त्या गोदामाचे किल्लेदार होते आमचे सुभेदार. बाकीच्या जगाला जी काळजी मिळते ती त्यांचं भागून उरलेली, असं माझं प्रामाणिक मत आहे. फौजेतून पेन्शन घेऊन ते आमच्याकडे स्टोअरकीपर झाले. मी हिशेबखात्यात. आमच्या दोघांच्या मध्ये फक्त तारेची जाळी होती, त्यामुळे त्यांच्या काळजीचा पहिला शिंतोडा नेहमी माझ्याच अंगावर उडायचा. ऊन पडलं की कागद पिवळे पडणार, ऊन गेलं की शाई वाळणार नाही. टाचण्यांचा डबा कलंडला तर सगळ्या टाचण्या उचलून झाल्यावरही त्यांचं समाधान व्हायचं नाही. चपला काढून ते त्या जागेवर अनवाणी फिरायचे. "एखादी ऱ्हायली आसंल तर माज्याच पायात जाऊ दे गड्या," म्हणायचे, आणि खरंच जायची!

सत्तरच्या दशकात कधीतरी कचेरीसाठी नवा टाइपरायटर आणि त्याच्या भोवतीचा सगळा लवाजमा घ्यायचं ठरलं. टेबल, खुर्ची, दिवा, रिबनी, मजकुराचा कागद अडकवायचा स्टँड. मॅनेजरसाहेब सुभेदारांना म्हणाले, "तुम्हीच काय ते बघून घ्या." दुसऱ्या कुणी हे काम एका दुपारी उरकलं असतं. सुभेदारांची झोप उडाली. कारण त्या यंत्रापुढे बसणार होती शालन.

शालन कुंडलची. पलूसला टायपिंग शिकलेली, साताऱ्यात मावशीकडे राहून आमच्याकडे हंगामी नोकरी करत होती. पुण्याहून एक साहेब येणार, नव्या यंत्रावर तिच्या वेगाची परीक्षा घेणार. पास झाली तर नोकरी कायम. नापास झाली तर ट्रंक उचलून कुंडलला परत, आणि तिथे तिच्या चुलत्याने एक स्थळ तयारच ठेवलं होतं. शालन याबद्दल फारसं बोलत नसे. तिच्या वाटणीचं सगळं सुभेदार बोलत.

"यंत्र कसलंबी चालंल," ते जाळीला नाक लावून मला सांगायचे, "पर पोरीची कोपरं लोंबायला लागली तर बोटं पळायची कशी? हत्यार चांगलं आन् खंदक वाईट, तर जवान जातो!"

आता कोपराची उंची मोजायची तर तरुण मुलीच्या हाताला दोरी लावणार कोण? सुभेदारांनी घरून बायकोलाच, म्हणजे आमच्या मामींना, बोलावून घेतलं. मामी भाजीची पिशवी घेऊन भर कचेरीत आल्या. सुभेदार लाजून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथूनच हुकूम सोडू लागले, "खांदं सैल सोडाय सांग! पाय जिमिनीला टेकलं का?" मामींनी सुतळी ताणून गाठ मारली आणि म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली संसाराला, माज्या चुलीची उंची न्हाई कवा मोजली ती!" सगळी कचेरी हसली. सुभेदार मात्र गंभीर. संध्याकाळी चुलीजवळ ते सुतळी घेऊन बसल्याचं मामींनीच नंतर सांगितलं.

खुर्चीपायी तर त्यांनी बाजार पालथा घातला. दुकानात जायचं, खुर्चीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि हवेत दहा बोटांनी टाइप करत राहायचं. बघ्यांना वाटायचं, सुभेदारांना वारं लागलं. एक दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, "सुभेदार, आवं खुर्ची घ्या न्हाईतर मला तरी घरी जाऊ द्या!" ते डोळे न उघडता म्हणाले, "थांब रं. आजून पाठ काय म्हंतीया ते कळंना."

यंत्र सांगलीहून आणायचं होतं. ते मोटारीच्या टपावर बांधायला सुभेदार तयार होईनात. एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने सामानाचं तिकीट मागितलं तर म्हणाले, "मांडीवरच्या लेकराला कुटं तिकीट आस्तंय?" साताऱ्यात उतरले तेव्हा दोन्ही पाय बधिर झालेले आणि पँटीवर खोक्याच्या पट्टीचा चौकोन उठलेला. पण चेहरा असा, की बाळंतपण सुखरूप पार पडलंय!

मग मांडामांड सुरू झाली. टेबल खिडकीशी ठेवलं तर वाऱ्याने कार्बन उडणार, भिंतीशी ठेवलं तर उजेड उजवीकडून येऊन बोटांची सावली पडणार. यंत्राखाली लोकरीचा जाड नमदा घातला, पायाखाली पाट आला. रिबन ते नाकाशी धरून हुंगायचे. वाळली असली तर वासावरून कळतं म्हणे. शालन बिचारी म्हणायची, "मामा, आवं बास की आता. लय झालं." तर ते म्हणायचे, "तू गप बस पोरी. तुला काळजीच न्हाई!" आणि हे ज्या पोरीला म्हणत होते, तिची नखं कुरतडून कुरतडून संपली होती.

परीक्षेचा दिवस उजाडला. पुण्याचे साहेब आले, घड्याळ काढून बसले. शालनने कागद चढवला, पहिली ओळ टाइप केली, आणि अक्षरांना घाम फुटला! प्रत्येक अक्षराभोवती तेलाचा काळा फुगा. दुसऱ्या ओळीला अक्षरांच्या दांड्या एकमेकींना चिकटून वर उभ्याच राहिल्या. कळांवरून बोटं घसरू लागली. शालनचा चेहरा पांढराफटक पडला.

मी सुभेदारांकडे पाहिलं आणि मला सगळा उलगडा झाला. आयुष्यभर फौजेत काढलेला माणूस. उद्या इन्स्पेक्शन आहे म्हटल्यावर हत्याराला तेल दिल्याशिवाय त्याला चैन पडेल? सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी त्या टाइपरायटरला बंदुकीसारखं सढळ हाताने तेल पाजलं होतं. रिबनीसकट!

साहेब उठले. "हे काही खरं नाही. पुढच्या खेपेला बघू." पुढची खेप कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि शालनची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

सुभेदार पुढे झाले. टाच आपटून सावधान उभे राहिले. "साब, कसूर माजा हाय. तेल म्या घातलं. पोरीला सजा नगं." आवाज अगदी फौजी होता.

साहेबांनी विचारलं, "दुसरं यंत्र आहे?"

होतं. गेटवरच्या चौकीत, गेटपाससाठी ठेवलेलं, पुढचा दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं. ते एका फळकुटाच्या खोक्यावर बसवलेलं, आणि पुढ्यात लोखंडी स्टूल. कोपर खाली, पाय अधांतरी, उजेड उजवीकडून. सुभेदारांनी महिनाभर ज्या ज्या गोष्टींची भीती बाळगली होती, त्या सगळ्या तिथे हजर होत्या. शालन बसली, पदर खोचला आणि सुरू झाली. पहिल्याच दणक्याला खोकं डुगडुगलं. तसे सुभेदार खाली उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी ते खोकं गच्च धरून ठेवलं. सातारा-सांगलीतून निवडून निवडून सामान आणलं, आणि शेवटी स्वतःच टेबलाचा पाय झाले! वर खडखडाट चाललेला, खाली त्यांचे डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. देवाचं नाव घेत असतील म्हणून मी वाकून ऐकलं. "मान आवघडंल... मान आवघडंल पोरीची..."

साहेबांनी घड्याळ बंद केलं. कागद वाचला. चुका मोजल्या. मग टोपण उघडून सही केली आणि नुसती मान डोलावली. शालनला ते कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा ती तोंडावर पदर घेऊन रडली.

दुपारी पेढे आले. कचेरीत हशा, गोंगाट, ज्याच्या त्याच्या तोंडात पेढा. सुभेदार आपल्या जागी बसून होते, पेढा तसाच हातात. नवं टेबल, नवी खुर्ची, नमदा, पाट, सगळं सजून रिकामं पडलेलं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. जिंकलेल्या लढाईत आपली तोफ उडालीच नाही, असा गोलंदाजाचा चेहरा. शालन पाया पडायला आली तसं त्यांनी हळूच विचारलं,

"पाठ दुकली का गं?"

"न्हाई मामा. काय बी न्हाई."

"बरं," ते म्हणाले, आणि हातातल्या पेढ्याकडे बघत राहिले.

शालन जरा घुटमळली. मग कमरेवर हात ठेवून, तोंड वाकडं करून म्हणाली, "खोटं कशाला बोलू मामा? लय दुकती. त्या स्टुलावर बसवतंय व्हय कुणाला? उद्यापासनं मी आपली तुमच्या खुर्चीवरच."

सुभेदारांनी भला मोठा श्वास सोडला. पेढा एका घासात तोंडात टाकला, आणि मला जाळीतून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बगा! मी म्हनत नव्हतो?"

आज सुभेदार नाहीत. शालनची पाठ त्या दिवशी खरोखर दुखत होती की नाही, हे तिला विचारायचे मला पुढे कितीतरी प्रसंग आले. मी कधी विचारलं नाही.