रिकाम्या गाडीतली सवारी

माझा स्वभाव संशयी आहे, असं माझी बायको लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आली आहे आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही. दुकानात कापड आलं की मी ते उजेडात धरून बघतो. दूध आलं की बोट बुडवून बघतो. कुणी आपणहून काही चांगलं द्यायला लागलं की दोन पावलं मागं सरतो. त्यामुळं आमच्या फाट्यावर नवी बस येणार असं कळलं, तेव्हा गावात सगळ्यात आधी माझ्याच मनात पाल चुकचुकली.

आमचं गाव शिरड शहापूरपासून आत आहे. फाट्यावर माझं शिवणकामाचं दुकान आणि दुकानाच्या अगदी समोर बसचा थांबा. मशीनवर बसल्या बसल्या मला येणारं-जाणारं सगळं दिसतं. पूर्वी जी बस यायची तिचा काही नेम नव्हता. पावसाळ्यात रस्त्याचं कारण, उन्हाळ्यात टायरचं. आली तर खिडकीला काच नाही आणि सीटमधून काथ्या बाहेर आलेला. लोकांनी हळूहळू तिचा नाद सोडला आणि सगळं गाव काळी-पिवळी जीपमधून जायला लागलं.

जीपचा कायदा वेगळा असतो. ती भरल्याशिवाय हलत नाही. त्यामुळं आमच्याकडं रिकाम्या गाडीत कुणी बसत नाही. रिकामी गाडी म्हणजे न निघणारी गाडी. तिच्यात जो आधी बसतो तो उन्हात भाजत राहतो आणि शहाणे लोक झाडाखाली चहा पीत दुसऱ्यानं बसायची वाट बघतात. मग ड्रायव्हर काय करतो, तर आपलीच चार माणसं आत बसवून ठेवतो. लोकांना वाटतं गाडी भरत आली, आता निघणार, आणि ते धावत येऊन बसतात. खऱ्या सवाऱ्या आल्या की बसवलेली माणसं मागच्या दारानं हळूच उतरतात.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तरुणपणी मी स्वतः असा बसायचो. माझा मामेभाऊ शेजारच्या गावात राहतो, त्याची जीप आहे. त्याच्या एका चहावर मी हिंगोलीला तातडीनं निघालेल्या माणसाचा चेहरा करून बसायचो, मांडीवर पिशवीसुद्धा घ्यायचो. माझ्याइतकी खरी वाटणारी सवारी दुसरी मिळाली नाही, असं तो अजून म्हणतो. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की माझ्या मुलीला ती तोंडपाठ होती.

तर नवी बस. आधी थांब्यावर शेड उभी राहिली, खाली बसायला बाकडं आलं, मग वेळा लिहिलेला बोर्ड लागला. मी म्हणालो, निवडणूक जवळ आली असेल. पण बस खरंच आली. स्वच्छ, सगळ्या काचा जागेवर, दारं आपोआप उघडणारी. शेजारच्या गावातून निघायची, मग आमचा फाटा, शिरड, औंढा आणि पुढं हिंगोली. पहिल्या दिवशी बघायला अर्धं गाव जमलं. आमच्या गल्लीतले एक थोरले गृहस्थ, ज्यांना लहानमोठे सगळे काका म्हणतात, ते बसभोवती फेरी मारून आले आणि त्यांनी टायरवर काठी आपटून बघितली.

"चला, बसून घ्या," कंडक्टर बाई म्हणाल्या. "औंढा, हिंगोली."

"भरू द्या की मॅडम, मग बसतो," काका म्हणाले.

"भरायचं काय त्यात? टायमावर निघणार गाडी."

कुणी हललं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता. मीही दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. वेळ झाली, दारं मिटली आणि बस तशीच रिकामी निघून गेली. पिशव्या घेऊन तयार असलेली माणसं धुरळ्यात उभी राहिली.

"आमाला सोडून काहून गेली हो ती?" काका खरोखर चिडले होते. पुढं कितीतरी दिवस हाच तमाशा चालला. बस रिकामी यायची, लोक तिच्याभोवती उभे राहायचे, ती निघून जायची आणि मग सगळे जीपची वाट बघायचे.

माझ्या मुलीला मात्र हे परवडणारं नव्हतं. ती हिंगोलीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. जीप भरेपर्यंत पहिला तास बुडायचा. हजेरी कमी पडते आहे, असंच चाललं तर परीक्षेला बसू देणार नाही, असं कॉलेजनं बजावलं होतं. मी घरात स्पष्ट सांगून टाकलं होतं की परीक्षेला बसता येणार नसेल तर कॉलेज बंद, दुकानात दुसरी मशीन रिकामीच आहे. त्यावर तिची आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती.

मुलीनं बसचा विषय काढला. मी नाही म्हणालो. माझं म्हणणं असं, की ही चार दिवसांची हौस. तुम्ही बसची सवय लावून घ्याल, जीपवाले रुसून धंदा बंद करतील, मग बसही बंद होईल आणि माझी पोरगी मधल्या मधे लटकेल. त्यापेक्षा माझ्या मामेभावाची जीप शेजारच्या गावातून लवकर निघते, शेतांमधल्या पांदणीनं तिथवर चालत जावं आणि त्याच्या गाडीत बसावं. तो निदान आपला माणूस आहे.

"कंडक्टर ताई सांगत होत्या, आतल्या गावांतून सवारी मिळाली न्हाई तर ही गाडी शिरडपासूनच सुटंल," ती म्हणाली. "अप्पा, तुमी एक दिवस बसा की. तुमी बसले की बाकीचे बसतील."

"बसवायचा माणूस व्हायचं वय राहिलं व्हय माझं?" मी म्हणालो. "सरकारी गाडीसाठी मी कशाला बसू?"

 दुसऱ्या दिवशी ती उजाडता उजाडता डबा घेऊन पांदणीनं निघाली. मला वाटलं, ऐकलं बुवा एकदाचं.

त्यानंतर काही दिवसांनी बसमध्ये एक डोकं दिसायला लागलं. पलीकडच्या बाजूची, पुढची खिडकी. चेहरा स्कार्फनं गुंडाळलेला, जसा आमच्याकडं हल्ली सगळ्याच पोरी धुळीपायी गुंडाळतात. बस फाट्यावर यायची तेव्हा ही बाई आधीच बसलेली असायची. मान वळवायची नाही, खाली उतरायची नाही. काकांनीही तिला बघितलं.

"कोणतरी बसलंय की," ते म्हणाले आणि धोतर सावरत चढले. सोमवार होता, त्यांना औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं होतं. त्यांच्या मागोमाग तिघीचौघी बाया चढल्या. दुसऱ्या दिवशी आणखी. बस दिलेल्या वेळेला हिंगोलीत पोचते ही बातमी गावभर झाली. कामाला जाणारे चढले, दवाखान्याचे चढले, मुली चढल्या. महिन्याभरात फाट्यावर बससाठी गर्दी व्हायला लागली आणि सगळं गाव बसचं कौतुक करायला लागलं.

मी सोडून. मला ते डोकं स्वस्थ बसू देईना. इतकं स्थिर फक्त बसवलेलं माणूस बसतं, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार? खरी सवारी आळोखेपिळोखे देते, खिडकीतून कुणाला तरी हाक मारते. ही बाई नुसती दिसण्यासाठी बसली होती. कुठंतरी पाणी मुरत होतं. एकदा मी बस थांबलेली बघून खाली दारापाशी गेलो आणि कंडक्टर बाईंना हळूच विचारलं, "मॅडम, खरं सांगा. ती पुढची बाई तुमी बसवलेली हाय ना?"

त्या हसल्या. "बसवायची कशाला? पास हाय तिचा."

त्यांच्या हसण्यानं माझी खात्रीच पटली. गिऱ्हाईकांना सांगितलं तर ते म्हणाले, टेलर, तुमी आमचा शर्ट कवा देता ते सांगा. बायको म्हणाली, "गाडी टायमावर येऊन राहिली, लोकं बसून राहिले, तुमाला काय तकलीफ हाय?" तकलीफ काही नव्हती. पण फसवणूक डोळ्यांसमोर चालली असताना गप्प बसणं मला जमत नाही.

मग एका सकाळी, मुलगी गेल्यावर, मीही निघालो. बस जिथून निघते तिथंच जाऊन त्या बाईला कोण बसवतं ते बघायचं ठरवलं. हळद शिजवायचे दिवस होते, पांदणीच्या दोन्ही बाजूंनी कढयांचा वास येत होता. वाट वाईट होती. खडक, काटे, मधे ओढ्याचा चिखल. चप्पल दोनदा रुतली. शेजारच्या गावात पोचलो तर चिंचेखाली मामेभावाची जीप रिकामीच उभी होती आणि तो मागच्या सीटवर आडवा झाला होता.

"पोरगी कुठं गेली?" मी विचारलं.

"कुणाची? तुझी?" तो उठून बसला. "दिवाळीपासून माझ्या गाडीत बसली न्हाई ती. मला वाटलं, शाळा सोडली."

 दुधात बोट बुडवणारा मी, या पोरीवर मात्र मी एकदाही संशय घेतला नव्हता. रोज सकाळी डबा घेऊन ती कुठं जात होती? कुणाबरोबर? नको नको ते सगळं एका दमात डोक्यात आलं. मला बसवलेल्या बाईचा पार विसर पडला. पलीकडं वळणावर बस उभी होती, दारं उघडी होती. हिंगोलीला जाऊन कॉलेजच्या फाटकात उभं राहायचं, एवढंच मला सुचलं आणि मी धावत जाऊन चढलो.

आत एकच सवारी होती. पुढच्या खिडकीतली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि स्कार्फ सोडला.

"अप्पा, वरडू नका," माझी मुलगी म्हणाली. "आधी बसा."

मी बसलो. 

"तू हितं काहून?"

"रिकाम्या गाडीत कोणी बसत न्हाई. तुमीच सांगायचे ना."

"मग आपल्या फाट्यावर चढायचं होतं, दुकानासमोर."

"फाट्यावर गाडी रिकामी आली असती. मी एकटी चढले असते तर सगळे हसले असते, आन् तुमी मशीनवरून उठून मला खाली उतरवलं असतं. गाडी रिकामी दिसायलाच नको होती."

मी उतरवलं असतं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मला राग आला होता, तो मी लपवत नाही. खोटं बोलली याचा राग. जे काम मी चहासाठी करत होतो ते तिनं माझ्यापेक्षा सरस केलं, याचाही थोडा राग. पण त्याहून जास्त मला त्या पांदणीची आठवण होत होती. फाट्यावर दारात येणारी बस वाचवायला ही पोरगी रोज सकाळी काटे-चिखल तुडवत उलटी चालत येत होती, एकटी. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"तिकीट?" कंडक्टर बाई म्हणाल्या. त्या पुन्हा हसत होत्या.

"हिंगोली," मी म्हणालो.

बस फाट्यावर आली. माझं दुकान मी पहिल्यांदाच या बाजूनं बघितलं, कुलूप लावलेलं. थांब्यावरच्या गर्दीत अजून काही माणसं अशी होती जी जीपलाच चिकटून होती. त्यांतला एक जण मला बघून म्हणाला, "टेलर बसलाय म्हंजे गाडीत काही खोट नसंल," आणि चढला. त्याच्यामागून बाकीचे चढले. जीपमधून मी नेहमी ती निघायच्या आतच उतरायचो. त्या दिवशी थेट हिंगोलीपर्यंत गेलो, मुलगी वेळेच्या आधी फाटकातून आत जाताना बघितली आणि त्याच बसनं परत आलो.

ती परीक्षेला बसली, पासही झाली. आता शेवटचं वर्ष आहे. बस आमच्या गावांतूनच सुटते आणि दुपारची एक फेरी वाढली आहे. मामेभाऊ जीपनं शेतमजूर ने-आण करतो आणि मला भेटला की तोंड वाकडं करतो. मी अजूनही म्हणतो की ही बस कायम राहील याचा भरवसा नाही, फक्त आता माझं कुणी ऐकत नाही.

एक नवीनच पंचाईत झाली आहे. फाट्यावर आता जागा मिळत नाही. लोक दार उघडायच्या आत खिडकीतून टॉवेल टाकतात. हिंगोलीपर्यंत उभं राहायचं आणि मग दिवसभर वॉर्डात उभं राहायचं, हे जमत नाही म्हणून माझी मुलगी अजूनही पांदणीनं उलटी चालत जाते, आता जागा धरायला. मीही तिच्याबरोबर जातो आणि बसनं फाट्यापर्यंत येऊन दुकान उघडतो.

परवा काका टॉवेल टाकायला उशिरा पोचले. गर्दीत रेटत आत आले आणि खिडकीतल्या स्कार्फकडं बोट दाखवून ओरडले, "ही पोरगी रोज हीच जागा धरून बसते. कंडक्टरशी संधान हाय हिचं. कोणी बसवली हिला?"

मुलगी त्यांना जागा द्यायला उठायला लागली. मी उठलो, काकांना माझ्या जागेवर बसवलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"काका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हिला कोणीच बसवली न्हाई. तुमाला हिनं बसवलंय."