टीव्हीच्या डबीला खोळ

खोळमावशींना उघडी वस्तू बघवत नसे. फ्रिजला खोळ, फ्रिजच्या मुठीला वेगळी खोळ, मिक्सरला, शिवणयंत्राला, बंद असलेल्या पंख्याला, आणि रिमोटला तर आत प्लॅस्टिकची आणि वर कापडाची अशी दुहेरी. त्यामुळे बटण दाबल्यावर आवाज वाढणार की चॅनल बदलणार हे दाबणाऱ्याच्या नशिबावर असायचं. अर्थात धंदाच तो होता. स्कूटरच्या सीटपासून दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलापर्यंत, आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांनी झाकलं नाही असं काही उरलं नव्हतं. त्यांचे यजमान बसमध्ये कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. ते म्हणायचे, "मी घरात एका जागी फार वेळ बसत नाही. डोळा लागला तर उठेपर्यंत अंगावर खोळ चढलेली असेल."

या घरात सुनेने ती डबी आणली. सून आणि मुलगा दुसऱ्या गावी राहत. महिन्या-दोन महिन्यांनी सून एकटीच चक्कर मारून जाई आणि येताना काहीतरी नवीन घेऊन येई. या खेपेला साबणाच्या वडीएवढी काळी डबी होती. ती टीव्हीला जोडायची, घरातल्या वायफायवर लावायची, मग नाटक, सिनेमा, मालिका, हवं ते टीव्हीवर बघायचं. सुनेने सगळं जोडून दिलं, चालवून दाखवलं आणि निघताना चपला घालता घालता थांबली.

"आई, एकच सांगते. हिला खोळ नको."

"मी कशाला घालू?"

"आई."

"अगं, नाही म्हटलं ना!"

"ही चालताना तापते. हिला हवा लागते."

"हवा मलाही लागते. म्हणून मी काय पातळ सोडून फिरते का?"

सून हसत हसत गेली. तिची बस गाव सोडते न सोडते तोवर मावशींनी डबीचं माप घेतलं. मखमलीचे तुकडे पडलेलेच होते. आत कापूस, बाहेर डाळिंबी मखमल, तारेपुरतं एक भोक, रिमोटच्या लाल डोळ्यापुरतं दुसरं. खोळ इतकी देखणी झाली की शेजारच्या बेकरीवाल्या बाईंनी आपल्या डबीसाठी तशीच मागितली. वरच्या मजल्यावरच्या ड्रॉइंगमास्तरांनीही मागितली. मावशींनी दोघांनाही शिवून दिली.

आता ते मखमलीचे तुकडे कुठून आले, ते सांगायला हवं. दूरच्या एका शहरात नवीन नाट्यगृह बांधलं होतं आणि त्याच्या रंगमंचाचा मोठा पडदा मावशींनी शिवला होता. आयुष्यभर मिक्सर आणि फ्रिज झाकणाऱ्या बाईला एक अख्खा रंगमंच झाकायला मिळाला! पट्ट्याला पट्टा जोडत मावशींनी तो घरातच शिवला. तेव्हा कंडक्टर स्वयंपाकघरात जेवत आणि जिन्यात पेपर वाचत, कारण बाकी सगळीकडे मखमल होती. पण घर ते केवढं! मांडीवर मावेल तेवढाच पडदा मावशींना एका वेळी दिसायचा. पूर्ण पसरलेला त्यांनी तो कधी पाहिलाच नाही. शेवटची टीप घातली, ट्रक आला, घडी झाली, गेला.

आणि पडदा गेल्यावर मावशींच्या मनात किडा शिरला. मखमलीला लव असते. तिच्यावरून एका दिशेने हात फिरवला की मऊ लागते, उलट फिरवला की अडते. सगळे पट्टे एकाच दिशेने जोडावे लागतात. एखादा उलटा लागला तर हाताला चटकन कळत नाही, पण पडदा टांगून त्याच्यावर दिवे पडले की तो पट्टा वेगळाच, काळपट दिसतो. शेवटचे पट्टे जोडताना बेकरीवाल्या बाई बसायला आल्या होत्या, आणि त्या बसल्या की उठत नसत. त्यांच्या जावेच्या बहिणीचं लग्न कसं मोडलं ते ऐकताना मावशींनी एक पट्टा उचलून लावला होता. सरळ लावला की उलटा? आठवेना. कुणाला बोलूनही दाखवता येईना. ज्या बाईने गल्लीतल्या प्रत्येक शिंप्याच्या टिपांत चुका काढल्या, तिने हे कुणाला सांगायचं?

नाट्यगृहाच्या मॅनेजरने पडदा लावल्याचा फोटो पाठवला. पण त्यात पडद्यासमोर पाहुणे उभे होते, चांगले खाऊन-पिऊन सुखी. दोन पोटांच्या मधून जेवढी मखमल दिसत होती तेवढी सरळ होती. स्वतः जाऊन बघावं तर मावशींच्या गुडघ्यांनी लांबच्या प्रवासाला केव्हाच नकार दिला होता.

मग मॅनेजरचा फोन आला. उद्घाटनाचं नाटक रविवारी दुपारी, आणि ते त्याच वेळी घरोघरी टीव्हीवर दिसणार. तेवढंच, नंतर परत दाखवणार नाहीत. कंडक्टरांनी ही बातमी पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत पोचवली. लोक नाटक बघायला येणार होते. मावशींना नाटकाशी काही देणं-घेणं नव्हतं.

शनिवारी कंडक्टरांनी डबीची चाचणी घेतली आणि ती अडकली. चित्र थिजलं, गाणारी बाई तोंड उघडून तशीच राहिली. पुन्हा लावलं, थोडा वेळ चाललं, पुन्हा थिजलं.

"हिची सर्व्हिसिंग करावी लागेल," कंडक्टर म्हणाले.

सुनेला फोन लावला. तिने सांगायचं आणि कंडक्टरांनी करायचं, असं ठरलं.

"बाबा, डबीला वीज कुठून दिलीय?"

"टीव्हीच्याच मागच्या भोकातून. सॉकेट वाचवलंय."

"त्यातून पुरत नाही तिला. तिचा स्वतःचा चार्जर आहे ना, तो भिंतीत लावा."

लावला.

"वायफायचा डबा कुठेय?"

"कपाटात. लोखंडी आहे, सुरक्षित."

"बाबा, लोखंडातून वायफाय कसं बाहेर येणार? बाहेर काढा, उंचावर ठेवा."

काढला. त्याच्यावर विणलेलं टोपडं होतं, ते मावशींनी हळूच काढून पदराखाली घेतलं.

"आता नको असलेली अ‍ॅप्स काढून टाका. जागा अडते."

इथे कंडक्टरांना सूर सापडला. पडद्यावर एकेक चौकोन यायचा आणि ते विचारायचे, "हा कोण? याचं तिकीट आहे? नाही ना? उतरा." स्वयंपाकाचं उतरलं, व्यायामाचं उतरलं, परदेशी बातम्यांचं उतरलं. मध्येच पडद्यावर एक चौकट उमटली, तीही त्यांनी रिमोट रोखून घालवली.

"काय लिहिलं होतं त्यात?" सुनेने विचारलं.

"वाचायला वेळ कुठेय? ओके विचारत होतं, मी ओके म्हटलं."

"बरं. आता सेटिंगमधून अपडेट करून बंद-चालू करा. आणि आई, डबी उघडीच आहे ना?"

कंडक्टरांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी असं काही पाहिलं, की कंडक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"तू ठेवलीस तशीच आहे," मावशी म्हणाल्या.

डबी पहिल्यापेक्षा बरी चालू लागली. आधी गाण्यात थिजायची, आता गाणं संपल्यावर थिजायची. मावशींना वाटलं, उद्यापर्यंत सुधारेल. आपण सर्दीतही असंच म्हणतो.

रविवारी जेवणं आटोपून मंडळी जमली. बेकरीवाल्या बाईंनी पुढची खुर्ची धरली, मास्तर मागे उभे राहिले. चित्र लांबूनच बघायचं असतं, असं त्यांचं मत. सूनही येणार होती, पण तिची बस अजून पोचायची होती. कंडक्टरांनी नाट्यगृह लावलं. टीव्हीवर आधी खुर्च्या दिसल्या, मग पुढाऱ्यांचं भाषण. भाषण संपेना. मावशी टीव्हीच्या इतक्या जवळ बसल्या होत्या, की त्यांच्या चष्म्यात दोन पुढारी बोलत होते.

अखेर दिवे मंदावले. कॅमेरा रंगमंचाकडे वळला. डाळिंबी रंगाची एक कड दिसली, आणि चित्र थिजलं.

"अहो!"

"थांब, थांब. सगळ्यांनी आपापले फोन बंद करा. वायफायला गर्दी होते. मागे सरका!"

तार काढली, तार लावली. डबी पुन्हा जागी होईपर्यंत गोल गोल चक्र फिरत राहिलं. चित्र आलं तेव्हा पडदा कधीच वर गेला होता आणि रंगमंचावर एक गृहस्थ सोफ्यावर बसून चहा पीत होते.

"घ्या! सुरू झालं की," बेकरीवाल्या बाई खुशीत म्हणाल्या.

मावशींचा चेहरा पडला. आता पडदा दिसायचा तो फक्त शेवटी, पडताना; मध्यंतरात नुसते दिवे मालवणार, असं मॅनेजरने सांगितलं होतं. म्हणजे ही डबी अख्खं नाटक चालायला हवी होती. आणि ती एक गाणंसुद्धा धड चालत नव्हती.

पहिला अंक निम्मा झाला नाही तोच पुन्हा थिजलं. तितक्यात सून दारात आली.

"काय झालं?"

"तुझी डबी रुसली," कंडक्टर म्हणाले. "सारखी ती चौकट येते. मी दर वेळी ओके म्हणतो."

सुनेने टीव्हीवरची इंग्रजी चौकट वाचली. "बाबा, ती म्हणतेय की ती फार तापलीय. आई, बघू जरा."

मावशी टीव्हीच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. हात मागे, टीव्हीच्या आड नेऊन त्यांनी खोळीला स्पर्श केला. जन्मभर इस्त्री हाताळलेला तो हात. चटका बसायच्या आधीच त्याला किती तापलंय ते कळलं.

समोर सून. बाजूला बेकरीवाल्या बाई आणि मास्तर, दोघांच्याही घरी याच मखमलीच्या खोळी. आणि टीव्हीत तो चहावाला गृहस्थ, कप ओठांशी धरून थिजलेला. मावशींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस हलला नाही तर शेवटी पडदा पडणार कसा?

त्यांनी वळून गाठ सोडली, खोळ ओढून काढली आणि सुनेच्या हातात दिली.

"धर. घातली होती मी."

"आई!"

"ओरड नंतर. आधी काय करायचं ते सांग."

"अगं बाई," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "म्हणून आमची रोज संध्याकाळी बंद पडते होय? आम्ही दुकानदाराशी भांडून आलो!"

"माझी तर बदलून आणली मी," मास्तर मागून म्हणाले. "नवीनलाही तीच घातली."

"तुमच्याही काढा. काढा म्हणते ना!"

"फ्रिजमध्ये ठेवू का ही थोडा वेळ?" कंडक्टरांनी सुचवलं.

"नको, बाबा! आत पाणी धरेल. तार काढून नुसती उघड्यावर ठेवा. निवेल." सुनेने डबी टीव्हीच्या मागून पुढे, मोकळ्या टेबलावर आणली. बेकरीवाल्या बाईंनी पेपर घेतला आणि डबीला वारा घालायला बसल्या. भट्टीपुढे आयुष्य गेलेलं, हात बसलेला होता. मध्यंतर संपेपर्यंत डबी निवली, तार लागली, आणि दुसरा अंक सुरू झाला. सोफ्यावर आता दुसरंच कुणीतरी रडत होतं.

"हा कोण?" मास्तरांनी विचारलं.

"कुणी का असेना," मावशी म्हणाल्या, "हलतोय ना?"

अख्खा अंक बाईंचा पेपर थांबला नाही. त्यांना नाटक काडीचं कळलं नाही, पण डबी थंड राहिली. शेवटचं वाक्य झालं, दिवे मिटत आले आणि वरून पडदा उतरू लागला. डाळिंबी, भरदार, भिंतीसारखा. मावशींनी श्वास रोखून धरला. पडदा जमिनीला टेकला, लाटेसारखा एकदा हलला, स्थिर झाला. घरात टाळ्या पडल्या. कंडक्टरांनी तर शिट्टी मारली.

"परत दाखव," मावशी सुनेला म्हणाल्या.

"लाइव्ह आहे गं ते," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

"लाइव्ह असलं तरी थोडं मागे जाता येतं," सून म्हणाली आणि रिमोटवरची दोन्ही कव्हरं काढून तिने डावीकडचं बटण दाबलं. पडदा सरसर वर गेला, पुन्हा खाली आला.

"थांबव. इथे."

डाव्या टोकाशी, अगदी कडेला, एक पट्टा बाकीच्यांहून गडद होता.

"सावली असेल," कंडक्टर म्हणाले.

"छटा आहे," मास्तर म्हणाले. "फार सुरेख साधलीय. मुद्दाम केलीय ना?"

एकदा कबूल करून झालं की दुसऱ्यांदा तितकं जड जात नाही, हे मावशींना त्या दिवशी कळलं. त्या म्हणाल्या, "मुद्दाम कसली? उलटा लागलाय. माझ्या हातून."

"अगं, एवढ्या नाट्यगृहात कोण बघणार तो?" कंडक्टर समजावू लागले. "पडदा पडताना जो कोपऱ्यात बघत बसतो त्याला नाटकच आवडलेलं नसतं. त्याची तक्रार कशाला ऐकायची?"

पण मावशींनी फोन लावलाही होता. पलीकडून मॅनेजर आनंदाने ओरडत होता, "मावशी, पाहिलंत ना? काय दिसला आपला पडदा! ऐका, ऐका, अजून टाळ्या चालल्यात!"

"चालू देत," मावशी म्हणाल्या. "त्या संपल्या की पडदा उतरवा आणि डावीकडचा शेवटचा पट्टा उसवून माझ्याकडे पाठवा."