फ्रिगेटकाका

फ्रिगेटकाकांना बोट लागायची. फैलका बेटाच्या सहलीत किनारा दिसेनासा होण्याआधीच त्यांनी ओकायला सुरुवात केली, आणि तशाही अवस्थेत खलाशाला शिडांबद्दल चार गोष्टी ऐकवल्या. मूळचे नाशिकचे, नोकरी इथं आखातात, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत. समुद्राशी संबंध एवढाच, की तो कामावरून दिसायचा.

मुंबईच्या गोदीत बांधलेली एक जुनी फ्रिगेट, म्हणजे शिडांचं चपळ लढाऊ जहाज, त्यांच्या मनात भरली होती. ती कुठे पाठवली गेली, कोणत्या वादळात डोलकाठी मोडली, सगळं तोंडपाठ. शुक्रवारी हवल्लीला आमच्याकडे जेवायला आले, की वरणभात कालवताना गोष्ट सुरू व्हायची. "बोट नव्हे हो वहिनी, फ्रिगेट!" माझी बायको मुद्दाम विचारायची, "बरं, तुमच्या बोटीला अजून तूप वाढू का?"

एकदा माझ्या मुलीनं विचारलं, "काका, डिड शी सिंक?" काका दुखावले. "बुडेल कशी? मलबारचं सागवान होतं ते, बाळा! लढाई संपली, तर म्हणे सैनिक ने. सैनिक पोचले, तर टपाल ने. लाकूड चांगलं ना, मग विश्रांती कोण देतो!" हे इतक्या अभिमानानं सांगत, की जणू सागवान त्यांनीच तोडून आणलं होतं.

स्वतःचंही त्यांनी तसंच चालवलं. सुमनकाकूंना इथला उन्हाळा सोसेना, म्हणून त्या मुलीला घेऊन नाशिकला परतल्या. घर बांधून होईपर्यंत म्हणून मागे राहिलेले काका मुलीच्या शिक्षणापर्यंत राहिले, मग लग्नापर्यंत. लग्नही झालं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, वाढवून मिळाला की बर्फी घेऊन येत आणि म्हणत, "हा शेवटचा. सुमनला शब्द दिलाय." काकू फोनवर म्हणत, "घाई नाही, पण या आता." काका त्यातलं 'घाई नाही' तेवढं ऐकत. इथं आम्ही सगळेच तेवढं ऐकतो.

अशाच एका 'शेवटच्या' वर्षी काकू दुपारच्या झोपेत गेल्या. मी काकांना विमानतळावर सोडायला निघालो. वाटेत ते आपणहून म्हणाले, "तिचा शेवट मी कधी सांगितला नाही तुम्हाला. तोफा काढल्या, डोलकाठ्या कापल्या आणि एका बंदरात कोळसा भरायला बांधून ठेवली. वेळेवर घरी बोलावली असती, तर..." मी गाडी चालवत राहिलो.

ते परत आले नाहीत. फार वाईट वाटतं. इतका बोलका माणूस, पण ज्या बाईशी बोलायचं तिच्याशी सारं बोलणं फोनवरच झालं.

गेल्या महिन्यात मी फोन केला. "घरात करमतं का, काका?"

"घर छान झालंय रे," ते म्हणाले. "पण काही लागलं की शेजारणीला हाक मारावी लागते. सुमन साखर कुठे ठेवायची, ते तिला ठाऊक आहे. मला नाही."