पाणी कुठवर चढतं

आमच्या ह्यांना इतिहासाचं वेड कधीच नव्हतं. सगळी नोकरी कुवेतच्या रिफायनरीत गेली, वाचन म्हणजे पंपांची मॅन्युअल्स. असा माणूस कुवेतमधल्या आमच्या सलवातल्या घरी जेवता जेवता पॅरिसजवळच्या एका उपनगराबद्दल बोलायला लागला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

लेक तिथे नोकरीला. काही वर्षांत नाशिकला परत येते म्हणाली होती, त्या शब्दावरच मी इथल्या उन्हाळ्यात दिवस ढकलत होते. आमटी वाढताना कळलं, सीन नदी त्या गावाला मोठा वळसा घालते. एका काठाला टेकडी, दुसऱ्याला सखल जमीन. दुसऱ्या दिवशी टेकडीवर जुने द्राक्षमळे निघाले. "आपल्या नाशिकसारखेच गं!" मग काठावर कपडे धुणाऱ्या बायका आल्या, पाठोपाठ कारखाने आले, आणि आता कारखाने पाडून तिथे फ्लॅट उठलेत म्हणे.

मीठ कमी असलं तरी न बोलणारा माणूस हा! रिटायर झाल्यावर तिकडे जायचा घाट असणार, नाशिकचा फ्लॅट विकून. शर्कच्या मासळीबाजारात मी सुरमई निवडत होते, तर हे फोन घेऊन लांब जाऊन कुजबुजले. माझी खात्रीच पटली.

गाडीत बसल्याबरोबर विचारलं, "अहो, नाशिकचा फ्लॅट विकताय ना?"

ते चपापले. "छे गं. ती घर घेतेय तिथे."

"भाड्याने?"

"विकत. तुला एकदम कसं सांगायचं, म्हणून थोडं थोडं..."

म्हणजे द्राक्षमळे, कारखाने, सगळं माझी समजूत घालायला! असा संताप आला. पोरगी परत येणार नाही, हे बापाला ठाऊक, आणि आईने मात्र तिच्यासाठी नाशिकला खोली रंगवून ठेवलीय.

घरी पोचल्यावर मासे सिंकमध्ये ठेवले. आम्ही नाशिकचे, पूर आला की पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर लागलं तेवढंच विचारतो. तेच तोंडातून आलं.

"तिथे पूर आला की पाणी कुठवर चढतं?"

"तळमजल्यापर्यंत. तिचं घर तिसऱ्यावर आहे," ते लगेच म्हणाले. "मी आधी तेच विचारलं."

"कुणाला? एजंटला? विकणारे काहीही सांगतात. काठावरच्या एखाद्या म्हातारीला विचार म्हणावं तिला. जन्मभर राहायचंय पोरीला तिथे."