दुभाष्याची जागा

काजलला कंपनीनं काढलं, ही बातमी शहापूरच्या आळीत दूधवाल्याच्या आधी पोचली. पोचवणारी गोदूकाकू. पुरावा एवढाच, की पोरगी कामाच्या दिवशी घरी, मांडीवर लॅपटॉप आणि तोंड एरंडेल प्याल्यासारखं.

काढलं कुणी नव्हतं. काम घरी आणलं होतं. पण ते उद्यापर्यंत चाललं नसतं, तर तिची नोकरी कायम व्हायची नव्हती, हे मात्र खरं.

काम होतं जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या सर्व्हरचं. दुधाचे टँकर कुठवर आले, ते कळवणारे संदेश तो घ्यायचा. आलेला संदेश फिल्टरांच्या, म्हणजे त्यावर एकेक काम करणाऱ्या टप्प्यांच्या, रांगेतून आत जाई. वाटेत कुणी वाचू नये म्हणून काजलनं रांगेत कुलूपवाला नवा फिल्टर बसवला, आणि तेव्हापासून टँकर सर्व्हरला जोडले जात, पण त्यांचं एक अक्षर त्याला कळेना.

आधी तिनं नेटवर्कला दोष दिला, मग किल्लीला. शेवटी शहाण्यासारखं प्रत्येक फिल्टरपुढे नोंदी घेणारा एकेक बसवला. तेव्हा दिसलं, की संदेशाचा अर्थ लावणाऱ्या फिल्टरापाशी, म्हणजे दुभाष्यापाशी, निव्वळ कचरा येतोय. कुलूप उघडायच्या आतच तो वाचायला बसला होता! त्याला पहिला उभा केला होता तिनंच.

चहा ठेवणाऱ्या रखमीला, आपल्या आईला, तिनं हे सांगितलं, तर ती खुदखुदली. पाड्यावरचा बुधूआजा मुरबाडच्या कचेरीत जाई, तेव्हा त्याची बोली साहेबाला समजावायला चिमुरडी काजल पुढे असायची. आजा कागदांचं गाठोडं सोडतोय तोवर ही बोलून मोकळी. दुभाष्यानं सर्वांत पुढे राहायचं, हे हाडात मुरलेलं.

तिनं दोन ओळी खालीवर केल्या. कुलूपवाला पुढे, दुभाषा त्याच्या मागे. उत्तरं उलट्या वाटेनं बाहेर जातात, म्हणून त्यांना कुलूपही शेवटी, बरोब्बर लागलं. पडद्यावर टँकर सरकू लागले.

नोकरी कायम झाली. पेढ्यांचा पुडा आधी पाड्यावर गेला. काजल आजाच्या पाया पडली, मगच तो आळीत फिरला. रखमीकडून सगळं ऐकलेल्या गोदूकाकूनं पेढा तोंडात टाकला आणि टोमणाही मारला: "म्हणजे आजासाठी पुढं धावायच्या त्या सवयीनंच नोकरी घालवली असती की गो तुझी."

काजल म्हणाली, "काकू, त्या सवयीनंच मला साहेबापुढं बोलायला शिकवलं. तिला मी हाकलणार नाय, एक पाऊल मागं उभी केली इतकंच."